साडेसहाशे शेरे

माझी भाची वेंगुर्ल्याला राहते आणि हिडिंबेवर कथा लिहिते. महाभारतात भीम पुढच्या वाटेला लागतो. भाचीची हिडिंबा मागे राहून घटोत्कचाला वाढवते, जंगलाचा कारभार बघते. दुसऱ्याच्या कथेतली पात्रं घेऊन आपली गोष्ट रचायची, याला फॅनफिक्शन म्हणतात. आमच्या कोकणातल्या दशावतारी नाटकात तरी वेगळं काय? आख्यान पुराणातलं, संवाद मात्र नटाने उभ्या उभ्या रचायचे. शेजारचे एक जुने राजपार्टी, म्हणजे राजाची भूमिका करणारे नट, सांगायचे, अंधारात कंटाळलेल्या प्रेक्षकांच्या बिड्या पेटायला लागल्या की भाषण आवरतं घ्यायचं.

भाचीला दाद मोबाइलवर मिळते. मागच्या भागाला तीसेक 'मस्त!' आणि 'पुढचा भाग कधी?' आले. सोबत एक शेरा: 'तुला लिहिता येत नाही, सोडून दे.' तीस 'मस्त' वाऱ्यावर गेले. "माका लिवक येनाच नाय," म्हणत तिने दोन आठवडे वही उघडली नाही.

यात तिचा हळवेपणा असेल, पण माणसाच्या मनाची घडणच तशी आहे. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये बरंच संशोधन एकत्र तपासलं, तेव्हा वाईट अनुभवाचं वजन चांगल्यापेक्षा जास्त पडतं, असंच पुन्हा पुन्हा दिसलं.

मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते अव्हराम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांचं १९९६ चं काम. अभिप्रायाने काम सुधारतं का, हे त्यांनी सहाशेहून अधिक निष्कर्ष एकत्र करून पाहिलं. सरासरी फायदाच निघाला. पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्रायानंतर काम उलट बिघडलं होतं! त्यांच्या मते लक्ष कामावर राहिलं तर अभिप्राय उपयोगी पडतो, आणि ते 'मी कशी आहे' याकडे वळलं की फसतो. म्हणजे 'तू जन्मजात लेखिका आहेस' हे कौतुकसुद्धा बिनधोक नाही. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत, हुशारीबद्दल शाबासकी मिळालेली मुलं पुढे अपयश आल्यावर लवकर खचली. मेहनतीबद्दल शाबासकी मिळालेली टिकून राहिली.

मग ते तीस 'मस्त' फुकट गेले का? वॉशिंग्टन विद्यापीठाच्या सेसिलिया ॲरागॉन आणि केटी डेव्हिस यांनी फॅनफिक्शनवरच्या प्रतिक्रियांचा अभ्यास केला. निव्वळ झोडपणाऱ्या प्रतिक्रिया शंभरात एकही भरत नव्हत्या. एकटा शेरा बहुधा दोन ओळींचा. पण कोणी पात्राबद्दल बोलतो, कोणी शुद्धलेखनाबद्दल, कोणी नुसता पाठीवर हात ठेवतो, आणि सगळं मिळून एका गुरूचं काम होतं. त्यांच्या गटाने लेखकांच्या शब्दसंपदेची विविधताही मोजली. किशोरवयात एका वर्षाने जेवढा फरक पडतो, साधारण तेवढाच फरक सुमारे ६५० प्रतिक्रियांमागे आढळला. हा संबंध आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. चांगलं लिहिणाऱ्याकडे वाचक जास्त येतात, हेही खरंच.

भाचीला पुन्हा लिहितं केलं ते मात्र एका अनोळखी वाचकाच्या प्रश्नाने: 'हिडिंबा भीमाला नुसतं "जा" म्हणते. तेव्हा तिच्या हातात काय होतं?'

त्याच रात्री तिने तो प्रसंग नव्याने लिहिला. हिडिंबेच्या हातात आता कोयती आहे, आणि बोलता बोलता तिचं लाकूड फोडणं थांबत नाही.