गृहविज्ञान म्हणजे ‘रांधा, वाढा, उष्टी काढा’ नव्हे

परवा नौपाड्यात हळदीकुंकवाला पुन्हा तेच कानावर आलं: ‘पूर्वी ज्यांना सायन्स झेपायचं नाही, त्या मुली गृहविज्ञान घ्यायच्या.’ हे साफ चुकीचं आहे, आणि मला ते लागतं.

या विषयाचा पाया घालणाऱ्या एलन स्वॅलो रिचर्ड्स रसायनशास्त्रज्ञ होत्या. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेची पदवी १८७३ साली मिळवणारी पहिली स्त्री. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या पिण्याच्या पाण्याचे हजारो नमुने त्यांनी तपासले. रोज कोणतं पोषकद्रव्य किती हवं, याचा अमेरिकेतला १९४१ चा तक्ता घडवणाऱ्या लिडिया रॉबर्ट्स शिकागो विद्यापीठात गृहअर्थशास्त्र, म्हणजे गृहविज्ञानाच्याच विभागाच्या प्रमुख होत्या.

माझ्या मावशीची साठच्या दशकातली प्रॅक्टिकलची वही आमच्याकडे आहे. खाकी कव्हर, कडेला हळदीचा डाग. एका पानावर चवळी दोन भांड्यांत शिजवल्याची नोंद आहे, एकात सोडा घालून, एकात न घालता. सोड्यातली लवकर मऊ झाली. पण खाली तिच्या अक्षरात लिहिलंय, ‘अल्कलीमुळे ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते.’ हे रसायनशास्त्रच आहे ना? आमच्याकडे उसळीत आजही सोडा पडत नाही.