बालमृत्यू अन्वेषण (ठाणे जिल्हा)

पाच वर्षांखालील मूल दगावले की त्यामागचे वैद्यकीय कारण आणि घरची, वाटेतली, दवाखान्यातली परिस्थिती शोधण्याची सरकारी पद्धत म्हणजे बालमृत्यू अन्वेषण. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना २०१४ च्या. पुढचे मृत्यू टाळणे हा हेतू असला, तरी मूल गमावलेल्या बहुतेक घरांत आरोग्य खात्याचे माणूस येते ते याच निमित्ताने. त्यामुळे सांत्वनाचे कामही, कुठे लिहिलेले नसताना, त्याच माणसाकडे येते.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीचे बालमृत्यू राज्यभर गाजले. जव्हार तेव्हा ठाण्यात होते. १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. वावर-वांगणीपासून बालमृत्यू म्हटला की कुपोषण, हे समीकरण लोकांच्या डोक्यात पक्के बसले. ते अपुरे आहे. जन्म-मृत्यूंच्या सरकारी नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०२० मध्ये महाराष्ट्राचा अर्भकमृत्यू (एक वर्षाखालील बाळांचे मृत्यू) दर हजार जिवंत जन्मांमागे १६ होता आणि त्यातले ११ मृत्यू पहिल्या २८ दिवसांतले. अपुऱ्या दिवसांचे बाळ, कमी वजन, जन्मताना गुदमरणे आणि जंतुसंसर्ग ही त्यांची मुख्य कारणे.

या २८ दिवसांवर नजर ठेवते आशा, म्हणजे गावातलीच आरोग्य कार्यकर्ती. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ती घरी जाते. बाळंतपण घरीच झाले असेल तर पहिल्या दिवशीही. या गृहभेटींचे मूळ डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील कामात आहे. आशा बाळाला झोळीत घालून काट्याला लावते, ताप बघते, घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. श्वास साठ किंवा त्याहून जास्त भरले, पाय गार लागले किंवा ‘बाळ अंगावर पीत नाही’ असे आई म्हणाली, की गाडी बोलवायची. शहापूर-मुरबाडच्या काही पाड्यांवरून पावसाळ्यात गाडीपर्यंत पोचणे हेच मोठे काम असते. शिवाय वीटभट्टीवर कुटुंब गेले की भेटींची साखळी तुटते: गावच्या आशेच्या वहीत नाव असते आणि बाळ भिवंडी-कल्याणकडे. ठाणे-नवी मुंबईच्या शहरी भागात अडचण वेगळी. बाळंतपणाला माहेरी गेलेली सून कोणाच्या यादीत धरायची?

मृत्यू झाल्यावर आशा कळवते, एएनएम (उपकेंद्राची परिचारिका) प्राथमिक चौकशी करते आणि निवडक प्रकरणांत पथक घरी जाऊन सविस्तर विचारपूस करते. २८ दिवसांपर्यंतच्या आणि त्यापुढच्या बाळांसाठी प्रश्नांचे छापील नमुने वेगळे. दुखणे कधी ओळखले, निघायला किती वेळ गेला, वाहन मिळाले का, दवाखान्यात उपचार केव्हा सुरू झाले, असे ते प्रश्न. जाणती कार्यकर्ती कागद लगेच बाहेर काढत नाही. पुष्कळदा सासू बोलत असते आणि आई आत असते. तिला बोलते करायला वेळ द्यावा लागतो. ‘उशीर का केला?’ या एका प्रश्नाने चौकशीचा पंचनामा होतो, आणि मग खरे उत्तर मिळत नाही.

बाळ गेले तरी आईला दूध येतेच. छाती दगडासारखी होते, ताप भरतो, आणि त्याबद्दल तिला आधी कोणी सांगितलेलेच नसते. थंड पट्ट्या, आराम पडेल इतकेच दूध काढणे आणि गरज पडल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी, एवढे सांगणेही मोठा आधार असतो. तान्ह्या बाळाला सहसा पुरतात. पुरुष मंडळी परस्पर नेतात. बाळ बघायचे आहे का, हे आईला आधी विचारायला हवे. ‘दुसरे होईल’ हे वाक्य टाळावे. झोप उडाली, जेवण सुटले, जीव नकोसा झाला, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मोफत बोलता येते.

प्रसूतीनंतर लगेच बाळ दगावल्यास किंवा बाळ मृत जन्मल्यास केंद्र सरकारी महिला कर्मचाऱ्यांना, काही अटींवर, ६० दिवसांची विशेष रजा २०२२ पासून मिळते. वीटभट्टीवरच्या बाईला अशी रजा नाही. ती थोड्याच दिवसांत कामावर असते.

पुन्हा दिवस राहिले की अशा बाईची नोंद अतिजोखमीच्या मातांमध्ये व्हायला हवी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात होणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीला तिला नेण्याचे काम बहुधा त्याच आशेकडे असते.