महिला वकिलांच्या संघटना नुसत्या फोटोपुरत्या? नाही हो!

बीड-परभणीकडं कोर्टाच्या आवारात लई वर्षांपासून ऐकू येतं, की महिला वकिलांच्या आंतरराष्ट्रीय संघटना म्हणजे परिषदा न् फोटो, गरीब बाईला त्याचा काय उपयोग. हे खरं नाही. फिडा ही महिला वकिलांची अशीच एक आंतरराष्ट्रीय संघटना १९४४ मध्ये मेक्सिकोत सुरू झाली, आणि केनियातली फिडा, जी १९८५ मध्ये नैरोबीच्या जागतिक महिला परिषदेच्या वेळी उभी राहिली, ती बायकांच्या पोटगीच्या, मारहाणीच्या, जमिनीच्या हक्काच्या केसेस फुकट लढवते, वर कोर्टात स्वतःची बाजू स्वतः कशी मांडायची हे बी शिकवते. मला तर हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

आणि आपल्याकडं? १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं बाईचं उत्पन्न कितीही असो, केसमध्ये तथ्य असलं की मोफत वकील मिळतो, तालुका विधी सेवा समितीत अर्ज द्यायचा.