माझा प्राणी का मेला, मॅडम?

पहिल्याच चित्रातल्या प्राण्याला आठ पाय होते. पाठीवर पाण्याची टाकी, डोक्यावर छत्री, शेपटीला विंचवाची नांगी, आणि एवढं असून तो उडायचाही. सातवीतल्या चित्रकाराने त्याचं बारसंही उरकलं होतं: सडासूर.

मी दिलेलं काम साधं होतं. शाळेच्या मागे जो सडा आहे, त्यावर बारा महिने जगेल असा एक प्राणी काढा. खरा नको, मनातला काढा.

कोकणाबाहेरच्या वाचकांना सडा म्हणजे काय ते सांगायला हवं. जांभ्या दगडाचं उघडंबोडकं पठार म्हणजे सडा, कुणी त्याला कातळही म्हणतात. माती कुठे बोटभर, कुठे तीही नाही. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. तेव्हा सड्यावर जागोजागी डबकी साचतात, गवत आणि फुलं कातळ झाकून टाकतात. दिवाळी उलटली की सगळं वाळायला लागतं आणि एप्रिल-मेमध्ये त्याच कातळावर अनवाणी पाय टेकवत नाही. सरकारी कागदांत अशा जागेला बरेचदा पडीक म्हणतात. जगायला अवघड जागा म्हटलं तर ते खरं, पडीक मात्र नाही.

तर सडासुरासारखे चाळीस प्राणी जमा झाले. एकाला बेडकाचं तोंड होतं, एकाला उंटाची कुबड, एकजण उन्हाळ्यात सरळ मुंबईला जायचा (हा विनोद नव्हता, त्या मुलाचे वडील तेच करतात). एका मुलीचा प्राणी मला फार आवडला. पापडासारखा चपटा, चिऱ्यांच्या भेगेत शिरून बसणारा, पावसाळाभर खाऊन घेणारा आणि उरलेले आठ महिने झोपणारा.

चित्रांखाली दोन ओळी लिहायच्या होत्या. त्या वाचताना मी अडखळले. चाळीसपैकी जवळजवळ सगळ्यांनी एकाच घाटाचं वाक्य लिहिलं होतं: "उन्हापासून वाचता यावं म्हणून याची कातडी जाड झाली." "शत्रूला दिसू नये म्हणून याने रंग बदलला." मुलांचा दोष नाही. आपण मोठी माणसंही असंच बोलतो. पक्ष्याला उडता यावं म्हणून पंख, उंटाला वाळवंटात चालता यावं म्हणून गादीसारखे पाय.

आपल्या मराठीत 'म्हणून' हा शब्द दोन्हीकडे चालतो. "वाचता यावं म्हणून कातडी जाड झाली" इथे तो हेतू सांगतो. "कातडी जाड होती म्हणून वाचला" इथे तो कारण सांगतो. दोन वाक्यांत 'म्हणून'ची जागा तेवढी हलली, पण या दोहोंच्या मधे अख्खा डार्विन उभा आहे. पहिल्या वाक्यात प्राण्याला गरज कळते आणि तो स्वतःला घडवतो. दुसऱ्यात कातडी आधीच कुणाची पातळ, कुणाची जाड अशी असते. ऊन येतं, पातळवाले मरतात, जाडवाले पिल्लं घालतात. त्यात गरज ओळखून घडवणारं कुणी नाही.

आपल्या राज्य मंडळाच्या पुस्तकांनीही यात थोडी अडचण करून ठेवली आहे. सातवीच्या विज्ञानात पहिलाच पाठ अनुकूलनाचा आणि वर्गीकरणाचा. दहावीच्या भाग दोनमध्ये पहिला पाठ आनुवंशिकता व उत्क्रांतीचा. मधली तीन वर्षं मुलांना अनुकूलन माहीत असतं, ते कशाने झालं हे माहीत नसतं. मग ती रिकामी जागा हेतूचा 'म्हणून' भरून काढतो, आणि एकदा बसला की दहावीत हलत नाही. केंद्राच्या पुस्तकांचं तर विचारूच नका. ती पुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीने दहावीतून उत्क्रांतीचा भाग काढून टाकला, तेव्हा २०२३ च्या एप्रिलमध्ये अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्रावर सह्या केल्या होत्या.

म्हणजे काल्पनिक प्राणी काढायला लावण्यात मीच चूक केली होती. 'प्राणी बनवा' म्हटलं की मूल विश्वकर्मा होतं. त्याला सडा दिसतो, अडचणी दिसतात आणि तो एकेका अडचणीवर एकेक अवयव चिकटवत जातो. चित्रं सुंदर येतात, भिंतीवर लावता येतात, आणि मुलं शिकतात ते नेमकं उलटं.

चित्रं मी फेकली नाहीत. दुसऱ्या दिवशी वर्गाला जुलैतल्या सड्यावर नेलं आणि गुडघे टेकून बसवलं. पाणथळीत सीतेची आसवे फुलली होती, जांभळी, नखाएवढी. हिला मुळं नसतात. मातीखाली बारीक धाग्यांवर टाचणीच्या डोक्याहून लहान पिशव्या असतात. एखादा सूक्ष्म जीव दाराशी घुटमळला की पिशवी त्याला पाण्यासकट आत ओढते, तेही एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळात. शेजारी दवबिंदू होती, चिकट केसांवर चिलटं अडकवून बसलेली. सड्याच्या मातीत नायट्रोजन जवळपास नाहीच, तो या झाडांना किड्यांतून मिळतो. सडासुराचा बाप बराच वेळ तिच्याकडे बघत होता. मग म्हणाला, "हिला बाकी काहीच नाही. छत्री नाही, टाकी नाही."

नेमकं तेच. प्रत्येक अवयवाला खर्च येतो. नांगी वाढवायची तर अन्न लागतं, ते अंड्यांतून किंवा पायांतून कापावं लागतं. आठ पाय, टाकी आणि पंख असलेला प्राणी सड्यावर पहिल्याच आठवड्यात भुकेने मरेल. सड्यावरचे खरे रहिवासी एकेकच युक्ती घेऊन बसलेले असतात. काही गवतं पार वाळून काडी होतात आणि पाऊस पडताच काही तासांत हिरवी होतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी पश्चिम घाटात अशा सुकून पुन्हा जगणाऱ्या ६२ वनस्पती नोंदवल्या आहेत. डबक्यांत कोळंबीची इवलीशी भावंडं असतात, ती स्वतः मरतात, पण त्यांची अंडी कोरड्या चिखलात महिनोन्महिने थांबतात. पाय मागे टाकत जमिनीत शिरणारा बेडूकही आहे, त्याच्या मागच्या पायाला फावड्यासारखा कठीण उंचवटा असतो.

यानंतर आम्ही पेन्सिल बाजूला ठेवली आणि फासा घेतला.

प्रत्येकाला एक चिठ्ठी, चिठ्ठीवर एक साधासुधा बेडूक आणि त्याचे पाच गुण: कातडीची जाडी, पायांची लांबी, अंड्यांची संख्या, बेडूकमासा वाढण्याचा वेग, रंगाचा गडदपणा. सगळ्यांचे सगळे गुण तीन. दर पिढीला फासा टाकायचा. एक ते पाचपैकी जो आकडा पडेल तो गुण बदलणार, सहा पडला तर काही नाही. वाढणार की घटणार ते छापा-काट्याने. एक वाढला की दुसरा कुठला तरी उतरणार, एक घटला की दुसरा चढणार, आणि कुठला तेही फाशानेच ठरणार. मुलांच्या इच्छेला इथे कुठेच दार नाही. दोन-तीन पिढ्या झाल्या की डब्यातून सड्याची चिठ्ठी काढायची. जो मेला त्याने वाचलेल्यांपैकी एकाची चिठ्ठी उतरवून घ्यायची आणि त्याचं पिल्लू म्हणून पुढे खेळायचं.

पहिली चिठ्ठी निघाली: "पाऊस आला आणि पंधरा दिवस गायब झाला. डबकी आटली. वेग तीन किंवा त्याहून कमी असलेले बाद."

वर्गात आरडाओरडा. मागच्या बाकावरचा एकजण उभा राहिला. "मॅडम, माझा का मेला? माझी कातडी तर सगळ्यांत जाड होती. पाच!"

"तुझी कातडी घेऊन काय करू," पलीकडची म्हणाली, "तुझं पिल्लू बेडूक व्हायच्या आत पाणीच संपलं."

"पण पाऊस जाणार हे त्याला कुठे माहीत होतं? त्याची काय चूक?"

"माझ्या बेडकाला तरी कुठे माहीत होतं?"

मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. जे मला फळ्यावर पाऊण तास लिहून पटवता आलं नसतं, ते या दोघांनी भांडत-भांडत दोन वाक्यांत उरकलं. वाचलेल्या बेडकाने काही केलं नव्हतं. मेलेल्याचं काही चुकलं नव्हतं.

आठ-दहा पिढ्यांनंतर बहुतेक चिठ्ठ्यांवर वेग पाच-सहावर गेलेला होता आणि अंडी एक-दोनवर उतरलेली. कुणीही तसं ठरवलं नव्हतं. अनेक जातींचे खरे बेडूकमासेही डबकं आटायला लागलं की वाढ लवकर उरकतात, आणि त्याची किंमत म्हणून लहानखुरे बेडूक बनून बाहेर पडतात.

खेळात खोट आहे, ती मुलांना सांगावी लागते. फासा एकदा टाकला की इथे जेवढा बदल होतो, तेवढ्याला निसर्गात शेकडो-हजारो पिढ्या लागू शकतात. शिवाय चाळीसच बेडूक असल्यामुळे नुसत्या योगायोगाने विचित्र गोष्टी होतात. एका खेपेला सगळे फिकट रंगाचे बेडूक संपले, आणि रंगाची एकही चिठ्ठी निघालेली नव्हती! मला आधी वाटलं, खेळ फसला. पण लहान संख्येत खऱ्या सृष्टीतही असंच होतं, तेव्हा ते तसंच राहू दिलं.

मनातले प्राणी काढणं हा पोरखेळ नव्हे, हेही जाता-जाता सांगते. १८६२ मध्ये डार्विनपुढे मादागास्करचं एक पांढरं ऑर्किड होतं. त्याच्या फुलाची मधाची नळी जवळपास एक फूट लांब, आणि मध तळाशी. डार्विनने लिहून टाकलं की तेवढ्याच लांब सोंडेचा पतंग तिथे असणार. कुणी तो पाहिला नव्हता, काहींनी टिंगलही केली. डार्विन १८८२ मध्ये वारला. पतंगाचं वर्णन १९०३ मध्ये छापून आलं आणि त्याच्या नावात 'भाकीत केलेला' अशा अर्थाचा शब्द घातला गेला. डार्विनचा प्राणी आणि सडासूर यांत फरक एवढाच की डार्विनने एकच अवयव मागितला आणि त्याचं मोजमाप फुलावरून घेतलं. पुढे १९६० च्या दशकात अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठातल्या जोसेफ कॅमिन यांनी तर कल्पनेतल्या जीवांचं अख्खं घराणंच चितारलं, पूर्वजांसकट. खरे प्राणी दिले की अभ्यासक आधीच्या माहितीवर जातात. या कॅमिनॅल्क्युलांची (त्या जीवांना पडलेलं हे नाव) वंशावळ लावायची तर फक्त बघून, ताडूनच लावावी लागते.

आणि आपल्याकडे चाळकेवाडी आहे. साताऱ्याजवळच्या या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि तिथे शिकारी पक्षी शेजारच्या पवनचक्क्या नसलेल्या भागापेक्षा जवळपास चार पट कमी झाले. तिथे एक सरडा राहतो, नराच्या गळ्याखाली निळ्या-काळ्या-केशरी रंगाची पंख्यासारखी घडी असलेला. २०१८ मध्ये छापलेल्या अभ्यासात दिसलं की पवनचक्क्यांखाली हे सरडे संख्येने जास्त आहेत, त्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरक कमी आहे आणि माणूस बराच जवळ आला तरी ते पळत नाहीत. (या सरड्यांच्या प्रजातीचं शास्त्रीय नावच 'सरडा' आहे, आपल्या मराठीवरून ठेवलेलं. त्यातल्या एका जातीचं नाव सरडा डार्विनी. हे वर्गात सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या.) ही उत्क्रांती झाली असं अजून म्हणता येणार नाही, वागणं बदललं एवढं नक्की. पण मुलांना विचारायला याहून चांगला प्रश्न नाही: हजार पिढ्या ससाणा आलाच नाही, तर हा सरडा कसा दिसेल? यावेळी चित्रं काढायला मी पुन्हा परवानगी दिली. अट एकच, चित्राखालच्या वाक्यात 'म्हणून' योग्य जागी हवा.

शेवटच्या तासाला वर्गाचे दोन भाग केले. अर्धे बेडूक वरच्या सड्यावर, अर्धे पऱ्यापलीकडच्या, म्हणजे ओढ्यापलीकडच्या, खालच्या सड्यावर. एकमेकांची चिठ्ठी उतरवून घ्यायची नाही. दोन्ही डब्यांत चिठ्ठ्या वेगवेगळ्या. वर पाऊस दगा देणारा, खाली डबकी टिकणारी, पण त्यांत खेकडे. तासाभरात वरचे बेडूक जाड कातडीचे आणि घाईने वाढणारे झाले, खालचे लांब पायांचे आणि ढीगभर अंडी घालणारे. मग मधला पऱ्या आटला असं जाहीर केलं आणि विचारलं, आता या दोघांची जोडी जमेल का?

बराच वाद झाला. दिसायला वेगळे असले तरी बेडूकच ना, असं अर्ध्यांचं म्हणणं. वरच्यांची अंडी घालायची वेळच वेगळी झाली असेल तर भेटणार कधी, असं बाकीच्यांचं. आवाजही वेगळा झाला असेल, कुणीतरी जोडलं. सडासुराचा बाप इतका वेळ गप्प होता. त्याने दोन्ही चिठ्ठ्या हातात घेतल्या, एकेक आकडा बोटाने जुळवून पाहिला आणि भटजींसारखी मान हलवली.

"पाचपैकी एकच गुण जुळतो, मॅडम. पत्रिका जमत नाही."