कंकणद्वीपांवरील गोड्या पाण्याचे व्यवस्थापन

पॅसिफिक महासागरातील किरिबाटी, तुवालू व मार्शल बेटे आणि हिंदी महासागरातील मालदीव हे देश जवळजवळ पूर्णपणे कंकणद्वीपांचे बनलेले आहेत. मध्ये उथळ खारकच्छ, म्हणजे बेटांनी वेढलेले समुद्राचे पाणी, आणि त्याच्या कडेने प्रवाळाच्या चुऱ्याची अरुंद बेटे, समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन-तीन मीटर उंच. तिथे नदी नाही, ओढा नाही, धरण बांधायला दरी नाही. पडलेला पाऊस सच्छिद्र जमिनीत लगेच मुरतो. त्यामुळे पिण्याच्या पाण्याचे मार्ग तीनच उरतात : जमिनीखालचे पाणी, छपरावरून उतरवलेला पाऊस आणि यंत्राने गोडे केलेले समुद्राचे पाणी.

गोड्या पाण्याचे भिंग. मुरलेले पावसाचे पाणी बेटाखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. बेटाच्या मध्यभागी त्याचा थर जाड आणि किनाऱ्याकडे पातळ असतो, म्हणून त्याला भिंग म्हणतात. हे तत्त्व बाडोन गायबेन आणि हर्ट्झबर्ग या अभियंत्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्या शतकाच्या आरंभी स्वतंत्रपणे मांडले. गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या घनतेत सुमारे अडीच टक्क्यांचा फरक असल्यामुळे भूजलाची पातळी समुद्राच्या वर एक मीटर असेल, तर खाली सुमारे चाळीस मीटर गोडे पाणी असावे, असे हे गणित सांगते. उलट बाजूने पाहिले तर ते धास्ती घालणारे आहे : उपशामुळे वरची पातळी वीतभर जरी खाली गेली, तरी तळाचे खारे पाणी काही मीटर वर चढू शकते.

प्रत्यक्षात कंकणद्वीपावर एवढी खोली मिळत नाही. वरच्या सैल गाळाखाली जुना, पोकळ्यांनी भरलेला चुनखडक असतो. भरती-ओहोटीचा जोर त्यातून थेट वर पोहोचतो आणि गोडे-खारे पाणी एकमेकांत घुसळले जाते. दोन्हींच्या मध्ये मचूळ पाण्याचा जाड पट्टा तयार होतो. म्हणून चांगल्या, रुंद बेटावरही वापरण्याजोगा थर दहा-वीस मीटरच्या आसपासच भरतो, आणि फार अरुंद बेटांवर तो टिकतच नाही. कोकण किनाऱ्यावरच्या विहिरी भर उन्हाळ्यात मचूळ का होतात, याचे उत्तरही याच तत्त्वात आहे. फरक एवढाच, की कोकणात पाठीशी सह्याद्री आहे.

उपशाची पद्धत. एकाच जागी खोल विंधन विहीर घेऊन जोरात पंप चालवणे हा भिंग बिघडवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग. पंपाच्या खालचे खारे पाणी सुळक्यासारखे वर ओढले जाते. त्याऐवजी भूजलपातळीच्या थोडेसेच खाली छिद्रे पाडलेले लांब आडवे नळ पुरतात आणि दुधावरची साय काढावी तसे वरचेवर, मोठ्या क्षेत्रातून, मंद गतीने पाणी घेतात. सोबत वेगवेगळ्या खोलीवरील पाण्याची क्षारता मोजणाऱ्या निरीक्षण नलिका लागतात. वरून गोड लागणाऱ्या पाण्याखाली भिंग किती पातळ झाले आहे, हे त्यांच्याशिवाय कळत नाही. लहान देशांत अशा मोजण्यांसाठी माणसे आणि पैसा सातत्याने मिळत नाही, आणि ही उणीव यंत्रांच्या उणिवेपेक्षा अधिक घातक आहे.

दक्षिण तारावा. किरिबाटीच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांपैकी निम्म्याहून अधिक दक्षिण तारावा या चिंचोळ्या पट्टीवर राहतात. त्यांच्या सार्वजनिक पाणीपुरवठ्याचा आधार म्हणजे बोनरिकी आणि बुओता येथील दोन भिंगे. त्यांचा सुरक्षित उपसा दिवसाला मिळून सुमारे २० लाख लिटर धरला जातो. माणशी हिशेब केला तर हे ३०-३२ लिटर होते, आणि त्यातलाही मोठा हिस्सा जुन्या नळांतून वाटेतच गळतो. (भारतात जलजीवन मोहिमेने ग्रामीण भागासाठी माणशी ५५ लिटरचे प्रमाण धरले आहे.) म्हणून पाणी रोज येत नाही, आले तर काही तासच येते, आणि घरोघरच्या विहिरींचा वापर सुटत नाही. याच विहिरींच्या शेजारी शौचकूप आणि डुकरांचे गोठे असतात. १९७७ मध्ये तारावावर पटकीची (कॉलऱ्याची) साथ आली. त्यानंतर मुख्य वस्त्यांत मलवाहिन्या टाकल्या गेल्या, आणि शौचालयांसाठी समुद्राचे खारे पाणी वापरण्यात आले. गोडे पाणी वाचवण्याचा हा निर्णय शहाणपणाचा होता.

पाण्याचा खरा तिढा मात्र जमिनीचा आहे. बोनरिकीचे भिंग राखायचे, तर त्यावरच्या जमिनीवर घरे, गोठे, भाजीचे वाफे, वाळूउपसा काहीही नको. पण ती जमीन कुटुंबांच्या मालकीची आहे. ज्या देशात जमीन हीच एकमेव पिढीजात मालमत्ता, तिथे ती शहराच्या तहानेसाठी मोकळी सोडा, असे सांगणे सोपे नाही. सरकार राखीव क्षेत्रासाठी भाडे देते. मालकांना ते अपुरे वाटते. शिवाय भूजलापर्यंत खड्डे खणून त्यांत लावले जाणारे बाबाई हे अळूच्या कुळातील कंद त्यांच्या जेवणात आणि मानपानात आहे. अतिक्रमण झाले ते अशा कारणांनी. पूर्वी तारावावरील अधिक दाट वस्तीची राखीव क्षेत्रे याच मार्गाने दूषित होऊन सोडून द्यावी लागली. मालकांना व्यवस्थापनात आणि मोबदल्यात खरा वाटा दिल्याशिवाय कुंपण घालून भिंग वाचत नाही, हे त्या अनुभवातून दिसते.

पाऊस आणि दुष्काळ. तारावावर वर्षाला सरासरी २,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो भरवशाचा नाही. ला निनाच्या काळात, म्हणजे विषुववृत्ताजवळचा पॅसिफिक नेहमीपेक्षा थंड असतो तेव्हा, मध्य पॅसिफिकमध्ये महिनोन्‌महिने आकाश कोरडे राहते. घरची टाकी काही आठवड्यांत संपते, मोठे भिंग मात्र अवर्षण बराच काळ सोसते. पावसाळ्यात टाकी वापरून भिंग भरू द्यावे आणि कोरड्या काळात भिंगाकडे वळावे, अशी सांगड म्हणूनच सर्वांत शहाणी ठरते. तुवालूच्या राजधानीला, फुनाफुतीला, हा पर्याय उरलेला नाही. तिथले भूजल पिण्याजोगे नाही, सारी भिस्त टाक्यांवर आहे. २०११ च्या दुष्काळात तिथे आणीबाणी जाहीर करावी लागली, पाणी मापून वाटले गेले आणि न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियाने पाणी गोडे करणारी यंत्रे पाठवली. मार्शल बेटांची राजधानी माजुरो येथे विमानतळाच्या धावपट्टीवर पडणारा पाऊस तलावांत साठवून शहराला देतात.

समुद्राचे पाणी गोडे करणे. मालदीवची राजधानी माले या लहानशा बेटावरचे भिंग अतिउपसा आणि सांडपाण्याने संपले. तिथे १९८८ पासून निःक्षारीकरण सुरू झाले आणि पुढे सारे शहर त्यावरच अवलंबून राहिले. ४ डिसेंबर २०१४ रोजी पाणी कंपनीच्या वीजयंत्रणेला आग लागली आणि लाखाहून अधिक लोकांचे नळ एकदम कोरडे पडले. भारताच्या हवाई दलाने विमानांतून पाणी पोहोचवले. नौदलाची ‘सुकन्या’ आणि पाठोपाठ मुंबईहून निघालेली ‘दीपक’ ही जहाजे पाणी घेऊन गेली. दुष्काळात उपयोगी पडणारे हे तंत्र इंधन, सुटे भाग आणि प्रशिक्षित हात यांच्यावर जगते, आणि हे तिन्ही लहान बेटांना बाहेरून आणावे लागतात. तारावासाठी आखलेल्या नव्या निःक्षारीकरण प्रकल्पाला सौरऊर्जेची जोड आहे ती याच कारणाने.

२००४ च्या त्सुनामीत मालदीवच्या अनेक बेटांवरच्या विहिरी खाऱ्या झाल्या. मोठी लाट बेटावरून गेली की वरून शिरलेले खारे पाणी पावसाने धुऊन निघायला बरेच महिने लागतात. हवामानबदलाला तोंड देण्यासाठी विकसनशील देशांना पैसा पुरवणाऱ्या हरित हवामान निधीने २०१५ मध्ये मंजूर केलेल्या मालदीवमधील प्रकल्पात बाहेरच्या बेटांसाठी पाऊस, भूजल आणि गोडे केलेले पाणी या तिन्हींची एकत्र व्यवस्था धरली आहे. त्यात विहिरी बुजवायच्या नसून भूजलाचे पुनर्भरण आणि त्याच्या गुणवत्तेची देखरेख करायची आहे.