बेवारस पैशाचा माग: १८२७ च्या रेग्युलेशनपासून ‘उद्गम’पर्यंत

आपल्याकडे बेवारस रकमांचे एकच एक कोठार नाही. बँकेतली विसरलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. न उचललेला लाभांश आणि त्यामागोमाग शेअर कंपनी कायद्याखालच्या दुसऱ्या निधीत जातात, विम्याचे पैसे तिसरीकडे, आणि कारखान्यात अडकलेला पगार महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाकडे. उलट ती रक्कम आपलीच आहे हे सिद्ध करणारे कागद बहुतेक वेळा ग्रामपंचायतीत, नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात आणि तालुका-जिल्ह्याच्या कोर्टात असतात. ही रचना कोणी ठरवून केलेली नाही. दोनशे वर्षांत एकेक कप्पा जोडला गेला.

सर्वांत जुना कप्पा वारसाचा. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या काळात तयार झालेल्या मुंबई इलाख्याच्या संहितेतले १८२७ चे आठवे रेग्युलेशन महाराष्ट्रात आजही वापरात आहे. कोर्टात मिळणारा वारस दाखला, वकिलांच्या भाषेत ‘हेअरशिप’, तो याच रेग्युलेशनखाली. अर्ज आला की कोर्ट जाहीरनामा काढते, हरकतींसाठी महिनाभराची मुदत देते आणि कोणी आडवे आले नाही तर दाखला देते. पण त्यात अमुक बँकेतली अमुक रक्कम असा तपशील नसतो. अमुक माणूस वारस आहे, एवढेच तो सांगतो. पैशासाठी लागतो तो १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातला उत्तराधिकार दाखला, म्हणजे ‘सक्सेशन’. त्यात येणी आणि रोखे एकेक करून नमूद करावे लागतात. कलम ३८१ नुसार तो दाखला पाहून पैसे देणाऱ्याला पुढे दुसरा वारस उभा राहिला तरी संरक्षण मिळते. बँकेचा अधिकारी हेअरशिप बाजूला सारून सक्सेशन मागतो, त्यामागे हे कारण आहे. त्याला अडवणूक म्हणणे अन्यायाचे होईल. मोठ्या रकमेला तर तो बरोबरच असतो.

दुसरा कप्पा गिरण्यांच्या मुंबईचा, आणि या सगळ्या इतिहासात तो सर्वांत महत्त्वाचा आहे. १९५३ च्या मुंबई कामगार कल्याण निधी कायद्याने मालकांकडे पडून राहिलेले पगार आणि बोनस, कायद्याच्या भाषेत ‘अनपेड अ‍ॅक्युम्युलेशन्स’, कल्याण मंडळाकडे वळवायचे ठरवले. बॉम्बे डाइंगने त्याला आव्हान दिले आणि डिसेंबर १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो भाग रद्द केला. निकालात अमेरिकी राज्यांच्या बेवारस संपत्तीच्या कायद्यांचीही चर्चा आहे. तिथे राज्य रक्कम सांभाळते, पण मालक उगवला तर त्याला ती मागता येते. मुंबईच्या कायद्यात कामगाराने येऊन मागण्याची यंत्रणाच नव्हती. नंतर दुरुस्ती होऊन कलम ६-अ आले: देय झाल्यापासून तीन वर्षे न उचललेली रक्कम मंडळाकडे, कारखान्याच्या फलकावर आणि वर्तमानपत्रांत नोटीस, आणि पहिल्या नोटिशीपासून चार वर्षांत दावा. गुजरातने १९६१ साली याच मूळ कायद्यात केलेली तशी दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये उचलून धरली. सरकारने पैसा ताब्यात घ्यावा, पण मालकाला दार उघडे ठेवावे, हे तत्त्व इथे पक्के झाले. गिरणी कामगाराच्या घरी आजही जपून ठेवण्यासारखे कागद म्हणजे तिकीट नंबर असलेली पगाराची चिठ्ठी, ईएसआय कार्ड आणि भविष्य निर्वाह निधीचा खाते क्रमांक. मात्र ही चार वर्षांची मुदत खरी आहे. बँकेच्या ठेवीसारखी इथे कायमची सवलत नाही.

बँकांचे चित्र बरीच वर्षे वेगळे होते. १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्यातले कलम २६ फक्त माहिती मागत असे: दहा वर्षे व्यवहार न झालेल्या खात्यांचे विवरण दर वर्षी रिझर्व्ह बँकेला पाठवा. पैसा बँकेकडेच राही आणि बँक तो वापरी. २०१२ च्या दुरुस्तीने कलम २६-अ आले, २०१४ मध्ये ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीची योजना लागू झाली, आणि दहा वर्षे हात न लागलेली ठेव त्या निधीत जाऊ लागली. सहकारी बँकांनाही हे लागू आहे, पतसंस्थांना नाही. पतसंस्था सहकार कायद्याखाली चालतात. त्यांच्या ठेवी या निधीतही जात नाहीत आणि त्यांना ठेव विम्याचे पाच लाखांचे कवचही नाही. तिथे थेट संस्थेत, आणि संस्था अवसायनात गेली, म्हणजे तिचा कारभार गुंडाळला जात असेल तर अवसायकाकडेच जावे लागते.

निधीत गेलेल्या व्याजी ठेवीवर व्याज चालू राहते: सुरुवातीला ४ टक्के, १ जुलै २०१८ पासून साडेतीन, ११ मे २०२१ पासून ३ टक्के. दाव्याला कालमर्यादा नाही. रिझर्व्ह बँक मात्र कोणाला परस्पर पैसे देत नाही. मूळ बँक देते आणि मग निधीतून वसूल करते. त्यामुळे रिझर्व्ह बँकेला पत्रे लिहीत बसण्यात वेळच जातो.

शेअरच्या बाबतीत उलटे घडले होते. कंपनी कायद्याच्या १९९९ च्या दुरुस्तीने गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधी, इंग्रजी आद्याक्षरांनी ‘आयईपीएफ’, आला. सात वर्षे न उचललेला लाभांश त्यात जमा होई आणि एकदा गेला की दावाच चालत नसे. १९५७ च्या निकालातला धडा इथे कोणाला आठवला नाही असे दिसते. २०१३ च्या कंपनी कायद्याने आणि सप्टेंबर २०१६ पासूनच्या नियमांनी ते दार उघडले. त्याच वेळी सलग सात वर्षे लाभांश न घेतलेले शेअरसुद्धा निधीत जाऊ लागले. आज आधी कंपनी किंवा तिच्या रजिस्ट्रारकडून हक्कपत्र घ्यायचे, मग आयईपीएफ-५ अर्ज ऑनलाइन भरायचा आणि त्याची छापील प्रत हमीपत्र, डिमॅटची क्लायंट मास्टर लिस्ट (खात्याच्या तपशिलाचा कागद) व रद्द केलेला चेक जोडून कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे पाठवायची. एका कंपनीसाठी एका आर्थिक वर्षात एकच एकत्रित दावा करता येतो. म्हणून आजोबांच्या नावाचे आणि आजीबरोबरच्या जोड नावाचे फोलिओ, म्हणजे कंपनीकडची शेअरखाती, आधी एकत्र शोधून घ्यावेत. विम्याच्या रकमा दहा वर्षांनी ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जातात. तिथून मागायला २५ वर्षे मिळतात, त्यानंतर रक्कम केंद्र सरकारची.

शोधाचे काम ऑगस्ट २०२३ पासून सोपे झाले. रिझर्व्ह बँकेचे ‘उद्गम’ पोर्टल सात बँकांनी सुरू झाले आणि मार्च २०२४ पर्यंत त्यावर ३० बँका आल्या. खातेदाराचे नाव आणि त्याबरोबर पॅन, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना, जन्मतारीख किंवा पत्ता यांपैकी एक माहिती द्यायची. सापडल्यास बँकेचे नाव आणि संदर्भ क्रमांक मिळतो. शोध फुकट आहे. टक्केवारी मागणाऱ्या मध्यस्थाला इथे काहीच काम नाही.

तरीही जुनी मराठी खाती इथे हमखास चुकतात. लेजरमध्ये ‘कुलकर्णी व्ही. जी.’ असे आडनाव आधी आणि पुढे अद्याक्षरे असत, आईचे खाते माहेरच्या नावाने उघडलेले असे, इंग्रजी स्पेलिंग त्या दिवशीच्या कारकुनाच्या मर्जीवर ठरे. प्रत्येक रूप वेगळे टाकून पाहावे. बँकही बदललेली असते: साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये गेली, सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये, देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदामध्ये आणि सिंडिकेट २०२० मध्ये कॅनरामध्ये. पासबुकावरचे नव्हे, आजच्या बँकेचे नाव शोधायचे.

आता कागद. मृत्यूची नोंद २१ दिवसांत झाली नसेल तर उशिराची नोंद करावी लागते, आणि वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. हे काम सर्वांत आधी उरकावे, कारण पुढचा प्रत्येक अर्ज त्यावर अडतो. तलाठ्याकडची वारस नोंद गाव नमुना ६-क मध्ये होते आणि तिथून फेरफाराने सातबारावर येते. बरेच जण तोच उतारा बँकेत घेऊन जातात. ती नोंद जमिनीच्या महसुलासाठी आहे, ठेवीसाठी पुरेशी नाही. मात्र सगळे वारस कोण हे सांगणारा तो उत्तम पूरक पुरावा आहे, आणि एखादी विवाहित बहीण अर्जातून गळली असेल तर ती चूक इथेच उघडी पडते. नाव बदलले असेल तर राज्यपत्र, नाहीतर शाळा सोडल्याचा दाखला जोडावा.

नामनिर्देशन (नॉमिनेशन) असलेल्या खात्यात नामनिर्देशित व्यक्तीला पैसे मिळतात, पण ती मालक ठरत नाही. बँक ठेवी, विमा आणि डिसेंबर २०२३ च्या निकालानंतर शेअर, या तिन्हींबाबत सर्वोच्च न्यायालयाचे म्हणणे तेच आहे. नामनिर्देशन नसेल आणि रक्कम मोठी असेल तर सक्सेशनचा अर्ज मृत व्यक्ती जिथे नेहमी राहत होती तिथल्या कोर्टात करायचा. गोव्यातल्या कुटुंबांची वाट वेगळी आहे. तिथे विशेष नोटरीसमोर उत्तराधिकाराचे खत होते किंवा कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणीचे प्रकरण, चालते. महाराष्ट्रात अर्ज टाकण्यापूर्वी ‘उद्गम’, आयईपीएफ आणि विमा कंपन्यांच्या याद्या तपासून सगळी येणी एकाच अर्जात घालावीत. एखादे राहिलेच तर कलम ३७६ खाली दाखल्याची व्याप्ती वाढवून मिळते, पण त्यासाठी कोर्टाची पुन्हा एक फेरी करावी लागते आणि वाढीव रकमेवरची कोर्ट फीही भरावी लागते.