खारं पाणी, गंजका ब्रेक पाइप आणि फ्लेअरिंग टूल

हर्णै असो, मिरकरवाडा असो नाहीतर मालवण, लिलाव आटपला की बर्फातल्या मासळीचे क्रेट पिकअपमध्ये चढतात आणि गाडी सुटते घाटाकडे. वाटेत बर्फ वितळतो आणि ते खारट पाणी हौद्याच्या फटींमधून चेसिसवर ठिबकत राहतं, पार कोल्हापूरपर्यंत. परत येताना हीच गाडी आंबा घाट उतरते, सगळी मदार ब्रेकवर. आणि मासळीच्या गाड्यांचंच कशाला, पुळणीवर गाडी घालून लाटांमध्ये रील काढणारे पाहुणे पण तेच मीठ गाडीच्या पोटाला लावून घरी नेतात, वरून गाडी चकाचक धुतात आणि खाली कोणी वाकून बघत नाही.

मीठ वाळलं की संपलं असं आपल्याला वाटतं, पण हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून परत ओलं होतं, आणि कोकणात पावसाळ्यात तर हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणजे गाडी शेडमध्ये उभी असली तरी खालून चाकांकडे ब्रेक ऑइल नेणारा पोलादी पाइप ओलाच. त्यात मिठातले क्लोराइड आधी वरचं जस्ताचं आवरण खातात, मग आतल्या पोलादाला खड्डे पाडतात. सगळ्यात वाईट जागा म्हणजे पाइप धरून ठेवणाऱ्या क्लिपांच्या खाली, तिथे जांभ्याची लाल माती अडकून बसते आणि सुकतच नाही.

आता थोडं गणित, कंटाळू नका. बहुतेक कारचा ब्रेक पाइप बाहेरून ४.७५ मिमी जाड, त्याची भिंत ०.७ मिमीच्या आसपास. जोरात ब्रेक मारला की आतलं ऑइल १०० बारच्या घरात दाब देऊ शकतं, तुमच्या टायरमधल्या हवेच्या जवळपास पन्नास पट. एवढा दाब असूनही नव्या पाइपच्या भिंतीवर जो ताण येतो तो साधं पोलाद सोसू शकतं त्याच्या साधारण आठवा हिस्साच असतो. ऐकायला बरं वाटतं, पण गोची इथेच आहे. अर्धी भिंत गंजून गेली तरी पाइप बिनतक्रार काम करतो, पाऊण गेली तरी करतो, पेडलला काही म्हणजे काही जाणवत नाही, आणि भिंत ०.१ मिमीवर आली की मग एका दणक्यात फुटतो. दणका कधी बसतो? दाब सगळ्यात जास्त असतो तेव्हा, म्हणजे समोर बैल आडवा आल्यावर. पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरमध्ये दोन वेगळी सर्किट, म्हणजे ऑइलच्या दोन स्वतंत्र वाटा असतात म्हणून अर्धा ब्रेक उरतो, पण पेडल एकदम खाली जातं आणि गाडी थांबायला भलतंच अंतर घेते.

कुजलेला तुकडा कापून नवा पाइप टाकायचा तर त्याच्या तोंडाला फ्लेअर काढावा लागतो, म्हणजे तोंड कर्ण्यासारखं फुलवायचं, नट त्याला सीटवर, म्हणजे समोरच्या भागातल्या बैठकीवर, दाबून बसवतो आणि धातू धातूवर घट्ट बसून ऑइल अडतं. इथे रबर नाही, वॉशर नाही, आणि टेफलॉन टेप तर अजिबात नाही, टेप लावणारा मेकॅनिक दिसला तर चावी परत मागून घ्या. हाताने वापरायचं टूल अगदी साधं असतं: वेगवेगळ्या मापाची भोकं असलेली दोन पट्ट्यांची पकड, तिच्यावर अडकणारा स्क्रू, स्क्रूच्या टोकाला शंकूसारखा कोन, आणि पाइपच्या मापाची बटणासारखी अॅडाप्टर.

ती बटणं महत्त्वाची. फ्रिज-एसीवाल्यांकडच्या साध्या टूलमध्ये बऱ्याचदा ती नसतात, कारण त्यांना तांब्याच्या नळीला सिंगल फ्लेअर, म्हणजे एकेरी थराचं फुलवलेलं तोंड, पुरतो. तेच टूल आणि तीच तांब्याची नळी ब्रेकला वापरायचा जुगाड अधूनमधून दिसतो आणि तो शुद्ध वेडेपणा आहे. तांबं सततच्या कंपनांनी कडक होत जातं आणि मग चिरतं. सिंगल फ्लेअरचं दुखणं निराळंच. ४.७५ मिमीचं तोंड ७ मिमीपर्यंत फुलवलं म्हणजे कडेचा घेर जवळजवळ दीडपट ताणला, भिंत तिथेच सगळ्यात पातळ झाली, आणि नेमकी तीच कापलेली, खरबरीत कड. चीर पडायला अजून काय पाहिजे! डबल फ्लेअरमध्ये ती कड आत दुमडली जाते, शिंपी कापडाची उसवणारी कड आत घेऊन शिवतो तसं. सीटवर बसतो तो गुळगुळीत दुहेरी थर, नट आवळताना सहजी चिरत नाही.

करायचं कसं ते सांगतो. पाइप ट्यूब कटरने कापायचा, हॅकसॉने नको, कारण तोंड तिरकं होतं आणि कीस आत पडतो, तो कीस पुढे चाकातल्या ब्रेकच्या व्हील सिलिंडरचं रबर खातो. कटर कड थोडी आत दाबतो, म्हणून आतली बर, म्हणजे कापताना उठलेली धारदार कड, काढायची आणि बाहेरची धार कानशीने किंचित मारायची, तोंड खाली धरून, म्हणजे कण बाहेर पडतात. मग नट पाइपमध्ये घालायचा, आत्ताच, कारण फ्लेअर झाल्यावर तो जात नाही आणि हे जगातल्या प्रत्येक मेकॅनिकला एकदा तरी नव्याने कळतं. पाइप पकडीच्या वर किती ठेवायचा? बटणाच्या खालच्या कडेच्या जाडीइतका, बरोब्बर. कमी ठेवला तर घडी अपुरी, जास्त ठेवला तर तोंड एका बाजूला कलंडतं. पकड मात्र मरेस्तोवर आवळायची, पाइप सरकला की सगळं फुकट. टोकाला ब्रेक ऑइलचा एक थेंब, इंजिन ऑइल नाही, त्याने ब्रेकची रबरं फुगतात. बटण ठेवून स्क्रू फिरवला की तोंडाला आधी फुगा येतो आणि कड आत वळते. बटण पट्टीला टेकलं की काढायचं, मग नुसता कोन सोडायचा, फुगा आत बसून घडी पडते. हे सावकाश, अर्धा अर्धा फेरा.

झाल्यावर उजेडात धरून बघा, घेर सगळीकडून सारखा पाहिजे, चीर नको. शंका आली तर कापून टाका, पाइप थोडा लांब ठेवायचा तो ह्याचसाठी. आणि जुन्या पाइपचं तोंड बघितल्याशिवाय सुरुवात करू नका. जपानी घराण्याच्या गाड्यांत साधारण ४५ अंशांचा डबल फ्लेअर असतो, युरोपी गाड्यांत बऱ्याचदा बबल फ्लेअर, म्हणजे फुगा तसाच ठेवलेला. एकाच्या सीटवर दुसरा बसवला की गळणारच.

नवीन पाइप कोणता? मला विचाराल तर आपल्या किनाऱ्यावर तांबं-निकेलचा, कुनिफर म्हणतात तो. साधारण ९० टक्के तांबं, १० टक्के निकेल, थोडं लोखंड. ह्याच जातीचा मिश्रधातू जहाजांवर समुद्राच्या पाण्याच्या नळ्यांना वापरतात, आता ह्याहून मोठं सर्टिफिकेट काय हवं. महाग पडतो, पण मऊ असल्यामुळे हाताच्या टूलवर फ्लेअर पोलादापेक्षा सुंदर येतो.

जोडणी झाली की हवा काढायची, नाहीतर पेडल स्पंजासारखं लागतं, कारण ऑइल जवळपास दबत नाही आणि हवा दबते. ऑइल नवीन, सीलबंद डब्यातलंच घ्या. डॉट ४ ह्या प्रतीचं ब्रेक ऑइल कोरडं असताना २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ३.७ टक्के पाणी शिरलं की हीच खात्री १५५ वर येते, आणि आपल्या हवेत उघड्या डब्यात पाणी शिरायला वेळ लागत नाही. रंगावर सांडलं तर लगेच पाणी मारा, रंग उचलतं ते. मग इंजिन चालू ठेवून एकाला पेडल पूर्ण जोराने दाबून धरायला सांगा आणि तुम्ही खाली कोरडा टिश्यू नटभोवती फिरवा. टिश्यू ओला झाला तर नट अजून आवळत बसू नका, तो फ्लेअर कापा आणि नवीन काढा.